सात रतल मोरचूद गेलं कुठे?

“साक्रीची मोटार चारला सुटते. रिपोर्टवर सही करा आणि नानांना मोकळं करा,” आमचे साहेब म्हणाले. माझा हात काही पुढे होईना.

नाना साक्रीकडच्या एका खेड्यातले शेतकरी. ज्वारीच्या बियाण्याला लावायला आणलेलं आठ रतल मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा विषारी क्षार, पिशवीसकट त्यांच्या हातून गावच्या विहिरीत पडलं होतं. पिण्याची विहीर तेवढी एकच. दोन दिवस बायाबापड्या नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी भरत होत्या आणि नानांच्या नावानं बोटं मोडत होत्या. शेवटी पाण्याची बाटली घेऊन ते धुळ्याला आमच्या प्रयोगशाळेत आले. मी तिथे नवाच केमिस्ट होतो.

तपासणी सोपी असते. पाण्यात अमोनिया घातला की तांब्याचा निळा रंग चढतो. तो ठरावीक रंगांशी ताडून पाहायचा. निघालं लाखाला एक, म्हणजे लाख रतल पाण्यात एक रतल मोरचूद. पिण्याला चालण्यासारखं. साहेब खूश.

मला मात्र एकूण किती, ते काढायची खोड. नानांना विचारलं, विहीर पंधरा फूट रुंद, पाणी सहा फूट खोल. त्याचे गॅलन केले, गॅलनांचं वजन केलं. सुमारे सहासष्ट हजार रतल पाणी. म्हणजे त्यात मोरचूद पाऊण रतलही नाही. पडलं होतं आठ.

गुणाकार तीनदा केला. उत्तर तेच आलं.

“तळाशी पिशवीतच असेल,” साहेब म्हणाले.

“पिशवी गळ टाकून काढली त्यांनी. रिकामी होती.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी बाकावर बसलेल्या नानांकडे वळलो.

“नाना, बाटली कशी भरली?”

“सायेबसना हातमा गढूळ पानी कसं दिऊ? फडकानी चार घडी करीसन गाळं. तुमना लोकेसनीच सांगेल शे, गाळीसन प्या, नही ते नारू व्हस.”

नारू म्हणजे पाण्यातून अंगात शिरणारा जंत. त्याच्यासाठी पाणी गाळा, हे आमच्याच खात्यानं गावोगाव सांगितलं होतं.

फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं. मधोमध हिरवट डाग. अमोनियाचा थेंब टाकला, डाग गडद निळा झाला. इकडचं पाणी चुनखडीचं. त्यात मोरचुदाचा हिरवा साका होतो, काही तरंगतो, काही तळाशी बसतो. तो फडक्यात अडकला आणि मी तपासलं ते उरलेलं पाणी.

मला जरा हायसं वाटलं. “म्हणजे घरीही गाळूनच पिता ना?”

नाना जमिनीकडे बघू लागले. “नही सायेब. घर कोन गाळस? ते तुमनासाठे गाळं.”

साहेबांनी रिपोर्ट फाडला. चारच्या मोटारीनं नानांबरोबर मीही गेलो. विहीर बंद ठेवली, तळापर्यंत उपसून हिरवा गाळ काढायला लावला. आठवड्यानं नवं पाणी साचलं, ते तपासलं आणि मगच सही केली. गावात कुणाला काही झालं नाही.

पुढे बरीच वर्षं नोकरी केली. साहेबाला द्यायचं म्हटलं की लोक चांगलंच पाणी देतात, हे धरून चालायला शिकलो आणि बाटल्या स्वतः भरल्या. त्या दिवशी माझं गणित बरोबर होतं. पाणी तेवढं गाव पितं ते नव्हतं.