दिवा विझल्यावरचा उजेड

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘फिल्मवाल्या बाई’ म्हणत. सिनेमाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. प्लास्टिक द्रावकात विरघळवून काचेवर त्याचा कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रा, म्हणजेच फिल्म, ती ओतायची, एकोणीस वर्षं. तिच्यासारखा दुसऱ्या कुणाला जमत नसे. पण कागदोपत्री ती ‘मदतनीस’च.

एका दुपारी तिने द्रवरूप नायट्रोजनने पापुद्रा गारठवला, अंधाऱ्या खोलीत त्यावर जांभळ्या दिव्याचा झोत टाकला आणि दिवा बंद केला. दिवा विझला, पापुद्रा विझला नाही. हिरवट उजेड तीन-चार सेकंद रेंगाळला.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी हात झटकले. “घाण आहे. भांडं नीट धुतलं नसेल. वहीत ‘नमुना खराब’ लिहा.”

“नाही लिहिणार.”

“काय?”

“घाण असेल तर शोधून दाखवते. नसेल तर तुम्ही शब्द मागे घ्या.”

घरी धाकटी बहीण म्हणाली, “ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“मासा पोहायला चुकला तर सांगायचं नाही का?”

तीन आठवडे तिने तेच प्लास्टिक पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. घाण असती तर उजेड दर वेळी मंदावला असता. तो तसूभरही कमी झाला नाही. नुसती काच गारठवली, तर मिट्ट काळोख. पापुद्रा कोमट होऊ दिला की उजेड गायब, गारठवला की हजर.

सरांनी स्वतः पाच वेळा बटण दाबलं. मग हळूच म्हणाले, “दिव्याने रेणू चेतवले जातात. एरवी त्यांच्या हालचालीत ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. थंडीत हालचाल गोठते, म्हणून ती सावकाश उजेड होऊन बाहेर पडते.”

“म्हणजे घाण नाही.”

“नाही. घेतला शब्द मागे.”

शोधनिबंधाच्या मसुद्यात तिचं नाव शेवटी होतं, आभारात. तिने ते पेनाने खोडलं. “आभार राहू द्या. नाव वर, लेखकांत लिहा.”

“मदतनिसाचं नाव वर घालायची पद्धत नाही, बाई.”

“मग पुढचे पापुद्रे पद्धतीकडूनच ओतून घ्या.”

चार दिवस बाकीच्यांनी ओतून पाहिलं. कुठे बुडबुडे, कुठे वाळल्या चिखलासारखे तडे. पाचव्या दिवशी सर तिच्या टेबलाशी आले, नवा मसुदा ठेवला आणि निघून गेले. तिचं नाव दुसरं होतं.

निबंध छापून आला तेव्हा बहिणीने तो मोठ्याने वाचला आणि अडखळली. “ताई, आडनावात एक अक्षर चुकलंय गं. जाऊ दे, कोण बघतंय?”

“मी बघतेय,” ती म्हणाली आणि ताट बाजूला सारून दुरुस्तीचं पत्र लिहायला बसली.