प्लास्टिकचा भात

मी कोणावरही विश्वास ठेवत नाही, आणि खाण्याच्या बाबतीत तर देवाच्या प्रसादावरही नाही.

देवरीत माझं तांदळाचं दुकान आहे. दुकान लहान, पण नाव मोठं. "सेठच्या इथला दाणा डोळे मिटून घ्यावा," असं लोक म्हणतात, आणि त्या एका नावावर आमचं घर चालतं.

एका रविवारी बायकोने, म्हणजे मंदाने, जाहीर केलं, "आज मी गॅसपाशी उभी नाई रायत. बंटीच्या कॅफेत जेवू."

बंटी म्हणजे आमच्या गल्लीतलाच पोरगा. कॅफे नवाकोरा. आत शिरताच मी आधी पाण्याचा ग्लास हुंगला, मग टेबल, मग बंटी. (त्याला अत्तराचा घमघमाट येत होता. लपवण्यासारखं काही असल्याशिवाय माणूस एवढं अत्तर लावत नाही!)

भाजी आली. तिच्यात पनीर असल्याची नुसती अफवा होती. पोळीचं चामडं झालं होतं. मग भात आला. पांढराफेक, चमकदार, आणि दाताखाली करकर वाजणारा!

"मंदा, हा भात चमकून राहिला."

"तं चमकू द्या ना! चुपचाप खा."

पण सकाळीच मी मोबाईलवर प्लास्टिकच्या तांदळाचा व्हिडिओ पाहिला होता. मी गोळा वळला, चांगला दाबला आणि टेबलावर आपटला.

उसळला! थेट शेजारी बसलेल्या गुरुजींच्या चहात!

"हे का होय जी?" गुरुजी किंचाळले.

"प्लास्टिक, गुरुजी!"

झालं! लोक गोळा झाले, मोबाईल निघाले. मला चेव चढला. मी काडी ओढून भाताला लावली. "पाहा, काळा पडला!" (भात जाळला की काळाच पडतो, हे तेव्हा कोणालाच सुचलं नाही. मलाही!)

बंटी रडकुंडीला आला. "सेठजी, भात थोडा कच्चा रायला, कुकर बिगडला हाय. पन तांदूळ असली हाय, कसम से!"

"मंग पोतं आण! कोण्या चोराच्या दुकानातला माल हाय, कळू दे सगळ्याले!"

बंटीने मंदाकडे पाहिलं. मंदाने पंख्याकडे पाहिलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण नेमका तेव्हाच आला नाही.

बंटीने पोतं ओढत आणलं. पोत्यावर लाल अक्षरांत माझंच नाव!

"तुमी धान पाहाले चिचगडले गेलते, तवा नेलं त्यानं," मंदा पुटपुटली. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी त्याच्यावरही संशय घेतला असता."

सगळे मोबाईल माझ्याकडे वळले. "म्हनजे प्लास्टिक तुमचंच होय का जी?" गुरुजींनी चहातला गोळा दाखवत विचारलं.

माझ्या पोटात खड्डा पडला. तो भरायला समोर एकच वस्तू होती. "मजाक केली हो! वा, काय भात आहे!" म्हणत मी बकाबका खाऊ लागलो. ताट संपलं. बंटीने आणखी वाढला.

"खा ना जी," मंदा म्हणाली, "थांबून काऊन राहिले?"

पोट सावरलं, नाव काही सावरलं नाही. आता गिऱ्हाईक दाणा हुंगत नाही, चावत नाही. "सेठ, आधी आपटून दाखवा!" म्हणतं. म्हणून मंदा रोज सकाळी मऊ भाताचा गोळा डब्यात देते. मी तो गिऱ्हाईकासमोर आपटतो, तो मुकाट चिकटतो आणि तांदूळ विकला जातो. आणि दुपारी जेवायला डबा उघडला की तोच गोळा, सकाळभर आपटलेला, माझ्याकडे संशयाने पाहत असतो!