काकाजींचे पंखे

काकाजींचा हात नेहमी उलटा असायचा. कुठलीही वस्तू पारखायची तर ते तळहात लावत नसत, हाताची मागची बाजू लावत. संत्र्याची पेटी असो, तापाने फणफणलेलं पोर असो, नाहीतर आमच्या फ्रिजची मागची जाळी असो, उलटा हात पुढे यायचा, क्षणभर थांबायचा आणि निकाल लागायचा. "हवा खेळती पायजे, मॅडम. बाकी काई नाई."

पांढुर्ण्यात आमची आणि त्यांची भिंत एकच. मी शाळेत हिंदी शिकवते आणि घरी मराठीत भांडते. त्यांचा जन्म संत्र्याच्या व्यापारात गेला. बागेतून माल उतरवायचा, पेट्यांत तनस, म्हणजे भाताचा पेंढा, घालून भरायचा, ट्रक लावून द्यायचा. गल्ली त्यांना काकाजी म्हणायची म्हणून मीही म्हणायची. असा एखादा शेजारी तुम्हालाही लाभला असेल, आपल्या घरात काय बिघडलंय हे ज्याला आपल्याआधी कळतं. लोकांना अशांचं कौतुक वाटतं, मला राग यायचा. एकदा त्यांनी माझ्या पापडाच्या डब्यात हात घालून "कोंदट हाय" असं जाहीर केलं, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. डबा कोंदट होता हे खरं, पण ते सांगायला पाहुणे बसलेले असताना कशाला यायचं?

त्यांची मुलगी पल्लवी पुण्यात नोकरीला होती. इमारत उभी राहायच्या आधीच ती आतून-बाहेरून कशी दिसेल, याच्या फिल्मा ती कॉम्प्युटरवर बनवायची. काकी, म्हणजे तिची आई, अचानक गेल्या. दिवसकार्याला आलेल्या पल्लवीचा पाय इथून निघेना. तिच्या साहेबांनी सवलत दिली खरी, पण अट घालून. उन्हाळा संपेपर्यंत घरून काम कर, एक जरी फिल्म उशिरा आली तर पुण्याला परत यायचं. त्या कामाला दांडगा कॉम्प्युटर लागतो. सुटे भाग आणून तो घरीच जोडायचं बापलेकीने ठरवलं.

"पोरगी राहून राहिली, मॅडम," काकाजी मला दारातूनच म्हणाले आणि लगेच आत वळले. मग बराच वेळ त्यांच्या घरातून झाडूचा आवाज येत होता.

सामान आणायला ते दोघं नागपूरला गेले. मला साड्यांना फॉल लावून आणायचा होता, म्हणून मीही त्याच गाडीने निघाले आणि पस्तावले. दुकानदाराने मोठ्या हौसेने एक डबा काढला. समोर काच, बाजूला काच, आत लाल-निळे दिवे.

"हे दिवे कायले?" काकाजींनी विचारलं.

"आजकाल हेच चालते काका. दिसायले एकदम भारी."

"दिवाळी हाय का? समोरून काच लावली त हवा कुठून येईन?"

मग पंखे. दुकानदार खोक्यावरचे आकडे वाचून दाखवत होता. काकाजी मान डोलवत होते आणि त्याला एकेक पंखा सुरू करून दाखवायला लावत होते. पंखा फिरायला लागला की उलटा हात त्याच्यासमोर. "हा नुसता ओरडते, फेकत नाई." "हा बरा हाय, पण दमते लवकर." बाकीची गिऱ्हाइकं आपापली कामं सोडून हा तमाशा बघत उभी राहिली. पल्लवी खाली मान घालून मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती, आणि मी यांच्याबरोबर नाहीच अशा थाटात दाराशी जाऊन उभी राहिले. शेवटी समोरून बारीक जाळी असलेला एक साधा काळा डबा निवडला गेला. त्याच्या एका बाजूला काच होती, पण ती काकाजींनी नाइलाजाने चालवून घेतली. पुढे बसवायला तीन मोठे पंखे, मागे एक.

जोडणी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाली. पल्लवी मोबाइलवर व्हिडिओ लावून एकेक भाग बसवत होती. प्रोसेसरवर लावायची ती राखाडी पेस्ट तिने विड्याच्या पानाला चुना लावावा तशी बोटाने पसरली, तेव्हा काकाजींनी श्वास रोखून धरला होता. पण पंख्यांना त्यांनी तिला हात लावू दिला नाही. "पंखे माझ्याकडं."

वाद झाला तो मागच्या पंख्यावरून. व्हिडिओतला मुलगा सांगत होता की पुढचे पंखे हवा आत घेतात आणि मागचा बाहेर टाकतो. काकाजींना ते पटेना. कॉम्प्युटरच्या मागे माजघराचं दार होतं आणि माजघर घरातली सगळ्यात थंड खोली. त्यांनी हात लावून बघितलं होतं. "मागून इतकी गार हवा येऊन राहिली, ते सोडून द्याची? चारी बाजूनं हवा भेटली पायजे त्याले." आयुष्यभर त्यांनी फटीफटींच्या पेट्या भरल्या होत्या. त्या पेटीत हवा कुठूनही शिरते आणि कुठूनही निघते. हा डबा वरून बंद, बाजूने काचबंद होता, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि पल्लवीने फार ताणलं नाही. मागचा पंखाही आत फेकेल असाच बसला.

थंडीत काही बिघडलं नाही. पल्लवीच्या फिल्मा वेळेवर जात होत्या. काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला समोरच्या जाळीला हात लावायला सांगत आणि लोक भाविकपणे लावतही.

मग मे महिना आला. शनिवारी काकाजी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचे, कधी चुकवायचे नाहीत. त्या शनिवारी ते गेले नाहीत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारी पन्ह्याचं भांडं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. कूलर घरघरत होता. मागच्या गल्लीत लग्न होतं आणि डीजेचा आवाज येऊ नये म्हणून मागचं दार घट्ट लावलं होतं. पल्लवी पडद्याकडे टक लावून बसली होती. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती तो पुसतही नव्हती. पडद्यावर एका घराचा जिना हळूहळू उमटत होता. तो अर्धा उमटला आणि सगळं काळं झालं.

"पुन्हा गेलं," ती म्हणाली.

फिल्म म्हणजे एकामागून एक शेकडो चित्रं, आणि कॉम्प्युटर ती एकेक करून काढतो. तो फार तापला की जळू नये म्हणून आपला आपणच बंद पडतो. सकाळपासून हेच चाललं होतं. बाजूची काच काढावी तर कूलरचे तुषार आत जायची भीती, कूलर बंद करावा तर माणसंच टिकेनात. संध्याकाळपर्यंत फिल्म पुण्याला पोचायला हवी होती.

फोन वाजला. "होतंय सर, देते," पल्लवी पुण्याच्या मराठीत म्हणाली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. "होत नाई बाबा. सोमवारी मी निघतो."

काकाजी जाळीपाशी उकिडवे बसले होते, हात उलटा लावून. "हवा त येऊन राहिली," ते म्हणाले. "मस्त येऊन राहिली. मंग तापते काऊन?" हेच त्यांनी दोन-तीनदा म्हटलं. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. मी घाबरले, आणि घाबरले की मी खेकसते.

"किती उबलंय हो इथं. कूलर लावता आणि दारं लावून बसता? उघडा ते मागचं दार." असं म्हणत मीच जाऊन ते उघडलं. डीजेचा दणदणाट आत घुसला, पण अंगाची चिकचिक कमी व्हायला लागली. कूलर लावला की कुठलं तरी दार उघडं ठेवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

काकाजींनी मान वळवून दाराकडे बघितलं. मग ते गुडघ्यांवर सरकत कॉम्प्युटरच्या मागे गेले आणि तिथे उलटा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"बेटा, बंद कर ते."

"हात नका लावू बाबा. जेवढी चित्रं झाली तेवढी त पाठवू द्या."

"चारी पंखे आत फेकून राहिले. बाहेर जाले जागाच नाई त्याले." ते थांबले. "मागचा मी उलटा बसवला."

"मी तवाच सांगतलं होतं तुमाले."

"हाव. सांगतलं होतं."

एवढंच. काकाजी आपली बाजू न मांडता चूक कबूल करतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते. पल्लवीने घड्याळाकडे बघितलं. आता डबा उघडायचा म्हणजे वेळ जाणार, आणि एखादी वायर तुटली तर सगळंच संपलं. मग तिने खण उघडला आणि स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

पेट्यांवर डोळे मिटून खिळे ठोकणारा तो माणूस, पण एक स्क्रू त्यांच्याने निघेना. निघाला तो बोटांतून सुटून आत पडला. आम्ही तिघं डब्यावर वाकलो. बाहेर डीजेवर कुणा मामाला नाचायला बोलावत होते. पल्लवीने टॉर्च धरला, काकाजींनी डबा हळूच कलता केला आणि स्क्रू घरंगळत कडेला आला. पंखा फिरवून बसला. मी त्यांच्या देवघरातून उदबत्ती पेटवून आणली. पुढच्या जाळीशी धरली तर धूर सरळ आत ओढला गेला आणि मागून बाहेर पडला. काकाजींनी मागे उलटा हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"तापली हवा निघून राहिली," ते म्हणाले आणि रडायला लागले. काकी गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

जिना पूर्ण उमटला. त्याच्यावरची खोली उमटली, खिडकी उमटली. दिवेलागणीला फिल्म पुण्याला गेली आणि पल्लवी राहिली.

उन्हाळा संपला तरी साहेबांनी सवलत वाढवली आणि ती वर्षभर राहिली. कामात नावाजली गेली. पुढच्या थंडीत तिच्या साहेबांनी तिला एका मोठ्या कामाची प्रमुख केलं, पण त्यासाठी पुण्यात येऊन राहावं लागणार होतं. तिने परस्पर नाही म्हणून टाकलं. काकाजींनी ते माजघरातून ऐकलं आणि तडक माझ्याकडे आले.

"पोरगी माझ्यासाठी नाई म्हणते का, मॅडम?"

"तिलाच विचारा," मी म्हटलं.

विचारतील कसले? दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामातून लाकडी पेटी आणि पोतंभर तनस आणली आणि कॉम्प्युटरच्या वायरी काढायला बसले. पल्लवीचा आवाज भिंतीतून मला ऐकू आला. "मले घालवून देऊन राहिले का तुमी?" काकाजींचं उत्तर ऐकू आलं नाही. संध्याकाळी तिचे डोळे सुजलेले होते आणि ती कपडे भरत होती. "काय म्हणाले?" मी विचारलं. ती म्हणाली, "म्हणते, तुले ठेवाच्या नादात तुया आईच्या जागी बसवून टाकलं मी. चूक माही हाय, निघ तू."

काकाजी जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या घराला कुलूप आहे. कॉम्प्युटर पुण्यात चालतो आणि पल्लवी फोनवर सांगते की पुढची जाळी ती दर रविवारी पुसते. मला मात्र ते आठवतात ते स्टेशनवरचे. पेटी त्यांनी स्वतः डब्यात चढवली, बर्थखाली सरकवली, फटीत हात घालून तनस नीट बसली आहे की नाही ते बघितलं. पल्लवीला एवढंच म्हणाले, "भिंतीले चिकटवून ठेवजो नको." गाडी हलली. पल्लवी दारातून हात हलवत होती. काकाजींनीही हात वर केला, पण हलवला नाही. शेवटचा डबा जाईपर्यंत ते गाडीच्या वाऱ्यात तो उलटा हात तसाच धरून उभे होते.