मावशींची कुजबुज

सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात जिलेबी मागितली होती. त्यांची साखर वाढलेली होती, म्हणून मी नाही म्हटलं, तेही तोडून. चार दिवसांनी त्या गेल्या.

पुढची दोन वर्षं मी दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी हेच मोठ्यानं कबूल करून रडायचे. माझ्या शेजारी एक निवृत्त नर्स मावशी बसतात. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुजही सगळ्या चर्चला ऐकू जाते. एका रविवारी त्या कुजबुजल्या, "अगं, देवाला माझ्यासारखं कमी ऐकू येत नाही. त्यानं पहिल्याच वेळी ऐकलं आणि माफही केलं. आता तो काय म्हणतोय, ते तू ऐक की जरा!"

मागच्या बाकावर हसू फुटलं. पाळकही हसले आणि नाक पुसता पुसता मीही.

पुढच्या रविवारी मी प्रार्थनेत नुसती गप्प बसले. चर्च झाडणाऱ्या बाई बरेच दिवस दिसल्या नाहीत, हे अचानक मनात आलं. पवित्र आत्मा असाच बोलतो का, कोण जाणे! पण मी घरी न जाता रिक्षा करून पंचवटीत त्यांच्याकडे गेले. त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता.

"ताई, पंधरा दिवस डोक्यावरून पाणी नाही घेतलं," त्या म्हणाल्या.

मी पदर खोचला आणि त्यांचे केस धुतले. सासूबाईंची आठवण आली, पण ती टोचली नाही. आम्ही दोघी चिंब भिजलो.

"ताई, डोकं माझं धुताय की तुमचं?" बाई खदखदून हसल्या.