लोखंडाला हात लावून बघा

ब्याण्णव साली फौजेतून पेन्शनवर आलो आणि पोस्टिंग मिळाली सिल्वासाला. ऑर्डर बायकोची. कुसुम तिथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. मी नरोलीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागलो. माझं शिक्षण सातवी.

तरी दर जानेवारीत ती मला वर्गावर बोलवायची. रिपोर्ट सकाळी साडेसातला. टेबलावर एक लोखंडी पट्टी, एक लाकडी फळी. दोन्ही रात्रभर तिथंच ठेवलेली. पोरं बहुतेक धुळे-जळगावकडच्या कामगारांची.

"हात लावून बघा. थंड काय?"

"लोखंड, काका! लई थंडं शे!"

मग कुसुम दोन्हींना थर्मामीटर लावायची. आकडा सारखाच. पोरं म्हणायची, थर्मामीटर बिघडलंय.

मी सांगायचो, "ते नाही, तुझा हात फसतोय. ऊब गरमाकडून गाराकडं जाते. लोखंड ती भराभर ओढतं, लाकूड हळूहळू. म्हणून लोखंड गार लागतं."

"पण घोंगडी तर गरम असते ना?"

"गरम तू असतोस. घोंगडी तुझी ऊब बाहेर जाऊ देत नाही."

"मग बर्फवाला बर्फाला गोणपाट का गुंडाळतो? त्याला थंडी वाजते?"

वर्ग हसायचा. कुसुम म्हणायची, "सांगा आता, हवालदारसाहेब!"

"बाहेरची ऊब आत शिरू नये म्हणून. बस खाली."

दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "काका, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हणायचो, "फौजेनं." कुसुम माझ्याकडं बघायची. मी टोपी उचलून ड्युटीला निघायचो. घरी ती म्हणायची, "अहो, एकदा नाव तरी सांगा पोरांना." मी नाही सांगितलं.

शहाऐंशी साली आमचं सेक्शन बर्फातल्या एका पोस्टवर होतं. मी सेक्शन कमांडर. एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं. हेलिकॉप्टर मागवायचं, तर वाऱ्यानं कड्यावरची वायरलेसची अँटेना आडवी केलेली. लान्स नाईक भिका पाटील दोर धरून वर चढला. साक्रीकडचा. गाणी बेसूर म्हणायचा आणि थांबायचा नाही.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो वरून ओरडला, "उस्ताद, जाड ग्लोव्हमध्ये नट धरता येत नाही. पातळ जोडी पाठवा."

पातळ जोडी बंकरात स्टोव्हवर वाळत होती. आणायला पाच मिनिटं लागली असती. उघड्या हातानं लोखंड धरायचं नाही, हा नियम मीच रोज सेक्शनला घोकून घ्यायचो.

मी ओरडलो, "ग्लोव्ह काढ! दोन मिनिटांचं काम आहे."

"ठीक आहे, उस्ताद."

दोन वाजून वीस मिनिटांनी सेट बोलला. "आवाज साफ येतोय. मेसेज पाठवा. ओव्हर." मी मेसेज दिला. हेलिकॉप्टर आलं. आजारी जवान वाचला, आजही आहे.

भिका उतरायला लागला. दोर हातात होता, पण बोटं मिटेनात. मी खाली उभा राहून बघत होतो. दोर सुटला आणि तो कड्याच्या पलीकडच्या बाजूला गेला. आवाज आला नाही.

रिपोर्टमध्ये 'पाय घसरला' असं लिहिलं. मीच लिहिलं. खरं फक्त कुसुमला माहीत होतं.

कुसुम गेली त्याला दोन वर्षं झाली. पट्टी आणि फळी तिच्या ट्रंकेत आहेत. सकाळी काढतो, हात लावतो, परत ठेवतो.

त्या वर्गातली पोरं आता मोठी झाली असतील. त्यांनी विचारलं होतं, कुणी शिकवलं. लान्स नाईक भिका पाटीलनं शिकवलं. ऑर्डर माझी होती.