सांडव्यावरची तट्टी

इस्तारीला गावात आळशी म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांना जराही लाज नव्हती. चिचटोल्याच्या मोठ्या तलावाची राखण करणारा हा ढिवर, मासेमार जातीचा माणूस सकाळी पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाऊन बसला की बसला. बसल्या बसल्या त्याचे हात जाळं सांधत असत आणि डोळे पाण्यावर असत. पाणकावळे कुठे उतरले, पाणी कुठे ढवळलं, सगळं त्याला कळे. पण ते कोण बघतो? लोकांना घामाघूम माणूस दिसला तरच तो कामाचा वाटतो.

तलाव मालगुजारीच्या काळातला. वरच्या अंगाला जंगल, खालच्या अंगाला मातीची लांबलचक पाळ, पाळीच्या पायथ्याशी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्यांना चिकटून खालची टोली, गावाचीच एक वस्ती. तलाव भरला की जादाचं पाणी एका टोकाच्या दगडी सांडव्यावरून नाल्यात उतरायचं. पाणी शेतकऱ्यांचं आणि मासोळी ढिवरांच्या सोसायटीची, असा जुना रिवाज. त्यावरून भांडणं व्हायची, पण निवडणुकीच्या मानानं कमीच.

इस्तारीची मुलगी रिंकू बी.एस्सी. करून घरी बसली होती. नोकरीचा पत्ता नाही, म्हणून पडवीत नववीच्या पोरांची शिकवणी घ्यायची. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, त्या दिवसांतली गोष्ट. इस्तारी कोपऱ्यात जाळं घेऊन बसला होता आणि रिंकूचा ऊर्जेचा धडा चालला होता.

"धावणाऱ्या बैलात ऊर्जा असते, हे कोणालेही दिसते," रिंकू म्हणाली. "पण चूपचाप पडलेल्या वस्तूतही राहते. तिले म्हणतात स्थितिज ऊर्जा. माळ्यावर चढवलेलं धानाचं पोतं घ्या. काहीच करून नाई राह्यलं ना? पण माळा मोडला तं?"

"खालच्याचा भुगा!" पोट्टे ओरडले.

"हां. ते उंचीची ऊर्जा. जेवढं उंच अन् जेवढं जड, तेवढी जास्त. दुसरी राहते ताणल्यानं, वाकवल्यानं, दाबल्यानं. गुलेलीचं रबर ताणून धरलं, तवा ते चूपच असते. तिसरी वस्तूच्या आतच दडून राहते, लाकडात, तांदळात, तेलात. पेटवलं नाई, खाल्लं नाई, तवरीक पत्ता लागत नाई."

इस्तारीच्या हातातली सुई थांबली. "म्हणजे मी पाळीवर बसून राहतो, तं माझ्यात बी हाये?"

"हो ना बाबा. उंचावर बसता, तं खालच्या टोलीतल्या लोकायपेक्षा जास्त."

चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोला, चंदाला, हे सहन होणार थोडंच! "घरात तं कधी दिसली नाई बाप्पा ते ऊर्जा!" ती आतून म्हणाली. पोरं खिदळली, इस्तारीही हसला.

पण गंमत तिथेच संपली असती तर ना. त्या दिवसापासून त्याला एक खोडच लागली. छपराच्या कवेलूंवर ठेवलेला धोंडा दिसला की त्याच्या मनात यायचं, ह्याच्यात आहे. आडाच्या काठावरची भरलेली बादली, उतारावर उभी केलेली बैलबंडी, सगळं त्याला दम धरून बसलेलं वाटायचं. आणि तलाव! अर्धा जन्म ज्याच्याशेजारी काढला, तो तलाव त्याला आजवर झोपलेला वाटत होता. आता पाळीवर उभं राहून एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला, कितीतरी खाली, टोलीची घरं दिसली की हे पाणी सुटलं तर कुठवर जाईल, ते तो नजरेनं मोजू लागायचा. हे त्यानं चारचौघांत एकदा बोलून दाखवलं. झालं! लोक त्याला "ऊर्जावाले" म्हणू लागले.

सगळ्यात जास्त हसायचा मुखरू. हा इस्तारीचा लहानपणापासूनचा दोस्त, खालच्या टोलीत घर, पाळीला लागून धानाची बांधी. जात वेगळी, धंदा वेगळा, पण तंबाखूची डबी एकच. मुखरू बोलायला फाटक्या तोंडाचा आणि मनानं निर्मळ होता.

औंदा आषाढात पावसानं दगा दिला. रोवणे, म्हणजे भाताची लावणी, खोळंबले. तेव्हा मुखरूनं आणि इतर शेतकऱ्यांनी ठरवलं की सांडव्यावर रेतीची पोती रचायची, म्हणजे येईल ते पाणी हातभर तरी जास्त थांबेल. ढिवरांनाही ते पटलं. त्यांनी तलावात बोटुकली सोडली होती, बोटभर लांबीची मासोळीची पिल्लं, आणि ती सांडव्यावरून वाहून जाऊ नयेत ही त्यांची चिंता. तेव्हा पोत्यांच्या वर बांबूची तट्टी बसवायची, पाणी जाईल आणि मासोळी अडेल. दोघांचंही भलं. असं दोघांचं भलं जिथे एका झटक्यात होतं ना, तिथे माणसानं जरा थांबून बघावं. पण थांबतो कोण?

तट्टी विणली इस्तारीनं. साधी तट्टी पाण्याच्या दाबानं उखडते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं जंगलातून ओले, जाड बांबू आणले, गुडघा लावून एकेक वाकवला आणि सांडव्याच्या दोन दगडी भिंतींत कमानीसारखा बसवला, कमानीची पाठ तलावाकडे. टोकांना सागाच्या पाचरा ठोकल्या. पाणी जितकं रेटेल तितकी ती भिंतींत घट्ट रुतेल, अशी करामत.

"वा रे ऊर्जावाले!" मुखरू म्हणाला. "आता हत्ती आला तरी निघत नाई."

इस्तारीची छाती फुगली. का फुगू नये? आयुष्यात पहिल्यांदा गावानं त्याच्या हातांकडे बघितलं होतं.

मग पोळ्याच्या आधी पाऊस आला तो आषाढाची सगळी उधारी घेऊनच. जंगलातून नाले भरभरून उतरले आणि त्यांच्याबरोबर पालापाचोळा, बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या, कमळाच्या वेली. ते सगळं येऊन तट्टीला चिकटलं. तिच्या फटी बुजल्या. तट्टीची भिंत झाली आणि तलाव चढू लागला.

सकाळी इस्तारीनं पाळीवर माणसं जमवली. "तट्टी काढा," तो म्हणाला. "पाणी आजवर कधी आलं नाई तिथवर आलं हाये."

सोसायटीचे लोक खवळले. मासोळी आता कुठे तळहाताएवढी झाली होती. तट्टी काढली की ती सगळी नाल्यात, नाल्यातून नदीत. शेतकरीही मागे नव्हते. "धान पोटरीत आला नाई अजून," मुखरू म्हणाला. "पाणी सोडून देऊ, अन् मग कोणाच्या तोंडाकडे पाहू? पोरीनं तुले भेव भरवलं बे. दुपारपर्यंत पाऊस उघडते, पाह्यजो."

आणि इस्तारी गप्प बसला. लोकांना भिऊन बसला, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. मासोळी त्यालाही हवी होती. स्वतःच्या हातची तट्टी स्वतः मोडायला जीवही धजेना. उघडेल पाऊस, असं त्यानंही मनाशी म्हटलं.

पाऊस उघडला नाही. दुपारी तो पाळीच्या खालच्या अंगानं चालत आला, तर मुखरूच्या बांधीजवळ पाळ पाझरत होती. स्वच्छ पाणी झिरपलेलं त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं. हे पाणी गढूळ होतं. पाळीच्या पोटातली माती बाहेर येत होती. इस्तारी धावत सुटला. तो टोलीत ओरडत शिरला, "निघा! घरं सोडा! पाळ जाऊन राह्यली!"

आता कोणी हसलं नाही. बाया लेकरं घेऊन शाळेकडे पळाल्या, गुरं सोडली गेली. मुखरूची म्हातारी आई खाटेवरून उठू शकत नव्हती. त्याची बायको ताराबाई आणि शेजारी मिळून खाटच उचलायला लागले, पण चिखलात खाट पुढे सरकेना.

इस्तारी सांडव्यावर पोचला तेव्हा तट्टीकडे बघूनच त्याला कळलं. बांबू भिंतींत आणखी रुतले होते, दाबाखाली कुरकुरत होते. मुळातच ताणलेले, वर तलावाचा रेटा. आता समोरून त्यांना जो हात लावील, त्याची खैर नव्हती. "रिंकू, दोर आण, मोठा दोर!" तो मागोमाग धावत आलेल्या मुलीला ओरडून म्हणाला. "कडेच्या पाचरीले बांधू अन् पाळीवरून सारे मिळून ओढू. खाली समोर कोणी उभं राहू नका!"

रिंकू घराकडे धावली. तेवढ्यात मुखरू कुऱ्हाड घेऊन आला. आता तो कोणाचं काही ऐकणार नव्हता, हे त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं.

"दोर येईस्तोवर माय वाचते का माझी?" असं म्हणत तो सांडव्याच्या खालच्या बाजूनं पाण्यात उतरला, थेट तट्टीच्या समोर.

"मुखरू! समोरून नको गा! ते फेकते तुले! कडेनं ये, माझ्याकडे ये!" इस्तारी भिंतीवरून ओणवा होऊन हात पुढे करत होता. घसा फाटेस्तोवर ओरडत होता.

मुखरूनं मधल्या बांबूवर घाव घातला. एकच. फटाका फुटावा तसा आवाज झाला, बांबू मधोमध दुभंगला आणि त्याचं एक अंग सुटून मुखरूच्या खांद्यावर बसलं. मग बाकीचे सुटले, मग पोती, मग पाणी. मुखरू त्या लोंढ्यात पालापाचोळ्यासारखा गेला. नाल्याच्या वळणावर करंजीच्या मुळ्यांत अडकला, म्हणून सापडला.

पाळ राहिली. टोली राहिली, म्हातारी राहिली. मासोळी सगळी गेली. दुसऱ्या दिवशी नाल्याकाठच्या बांध्यांत उड्या मारणारी पिल्लं पोट्टे टोपल्यांनी गोळा करत होते आणि ढिवरांच्या घरांत चूल पेटवायची कोणाला इच्छा होत नव्हती.

मुखरू चंद्रपूरच्या दवाखान्यात बरेच दिवस होता. जीव वाचला. उजव्या हाताच्या नसा मात्र खांद्यापासून उपटल्या गेल्या होत्या. हात दिसायला होता तसाच, नुसता लोंबायचा. डॉक्टरांनी सांगितलं, हा आता असाच राहील.

इकडे गावानं इस्तारीला डोक्यावर घेतलं. इस्तारीनं आधीच सांगितलं होतं, इस्तारीमुळे टोली वाचली, जो तो म्हणू लागला. ग्रामसभेत नारळ देऊन त्याचा सत्कार केला. अरे, ज्याला आयुष्यभर आळशी म्हटलं, त्याला आता शहाणा म्हणताना तरी एकदा नीट विचाराल की नाही! तो नारळ त्यानं घरी आणून चंदापुढे ठेवला आणि म्हणाला, "मले हे पाहवत नाई. कोणाले देऊन टाक."

"तुमी त्यायले थांबवलं होतं," रिंकू म्हणाली. "सगळ्यायनं ऐकलं. तुमचा दोष नाई बाबा."

इस्तारी जाळं उचलून पाळीवर निघून गेला. मुखरू घरी आल्यावरही बरेच दिवस त्याचे पाय खालच्या टोलीकडे वळले नाहीत. पाळीवरून मुखरूचं अंगण दिसायचं, तो तोंड फिरवून बसायचा. शेवटी धान कापणीला आला तेव्हा एका दुपारी गेला.

ताराबाई शेतात होती, म्हातारी आत झोपलेली. मुखरू अंगणात खाटेवर पडला होता. बारीक झाला होता. इस्तारीला बघून तो हसला, म्हणाला, "आला का गा? मले वाटलं विसरला."

इस्तारी खाली बसला. त्यानं तंबाखू चोळून दिली, मुखरूनं डाव्या हातानं घेतली. धानाचं बोलणं झालं, थंडीचं झालं. मग मुखरूनं विचारलं, "एक सांग. त्या बांबूत एवढा जोर आला कुठून? पाण्याचा होता का?"

पाण्याचा म्हणून सुटता आलं असतं. मुखरूनं ते मान्यही करून टाकलं असतं. पण इस्तारीला ते गिळवलं नाही.

"थोडा पाण्याचा," तो म्हणाला. "बाकीचा माझा. गुडघा लावून वाकवले होते मी. जेवढी ताकत मी लावली, तेवढी त्यायच्यात जाऊन बसली. निघाली ते तुझ्यावर निघाली."

मुखरू वर आभाळाकडे बघत राहिला. "तुले माहीत होतं?"

"सकाळपासून होतं."

"मंग चूप काऊन बसला? दोन शिव्या हासडायच्या होत्या मले. माझ्या छातीवर बसून तट्टी काढायची होती."

इस्तारीनं तंबाखूची डबी मिटली. "मले मासोळी पाह्यजे होती," तो म्हणाला.

अंगणात कोंबड्या धान टिपत होत्या. मुखरूनं डाव्या हातानं त्यांना हुसकलं. मग म्हणाला, "अन् मले पाणी."

कूस बदलायला गेला आणि त्याचा उजवा हात खाटेवरून घसरून खाली लोंबकळला. त्यानं खांदा हलवून बघितला. हात हलला नाही.

"उचल गा," तो म्हणाला. "मले नाई उचलत."

इस्तारीनं दोन्ही हातांनी तो उचलला. भलताच जड होता. त्यानं तो मुखरूच्या पोटावर ठेवला, तर पुन्हा घसरू लागला. मग ताराबाई शेतातून येईपर्यंत तो हात तसाच धरून बसला.