बाटलीतले बुडबुडे

छातीच्या वॉर्डातल्या मामांना सगळे अर्धा डॉक्टर म्हणत आणि उरलेला अर्धा मामा स्वतःच जोडून घेत. काम स्ट्रेचर ढकलण्याचं, पण नातेवाइकांना धीर देण्याचं खातं त्यांनी आपणहून पत्करलेलं. बरगड्या मोडलेल्या माणसाच्या छातीत नळी घालतात. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीतल्या पाण्यात असतं आणि छातीत साठलेली हवा तिथून बुडबुडत बाहेर पडते. "बुडबुडे थांबले की फुफ्फुस फुललं समजा. घरी जायला गाडी सांगून ठेवा!" असं मामा छातीठोकपणे सांगत. बहुतेकदा ते खरं ठरे, म्हणून जीभ जरा सैलच सुटली होती.

आणि एक दिवस त्याच वॉर्डात त्यांचा जावई आला. मागे येणारा ट्रक आणि गोदामाची भिंत यांच्यामध्ये तो चेंगरला होता. एकाच्या दोन नळ्या झाल्या तरी बुडबुडे थांबेनात. मानेला हात लावला की कातडीखाली हवा करकर वाजे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुफ्फुसाकडे जाणारी मोठी श्वासनळीच फाटली असणार. दुपारी दुर्बीण घालून बघू."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीला मात्र त्यांनी आपलं ठरलेलं वाक्यच ऐकवलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही. ती बिचारी बाटल्यांवर डोळे लावून बसली.

दुपारी नवऱ्याचं तोंड पुसायला ती खाटेच्या कडेवर टेकली आणि थोड्या वेळाने ओरडली, "बाबा, या लवकर! थांबले, थांबले!"

मामा हसत आले. बघतात तर जावयाचे ओठ काळेनिळे, मानेच्या शिरा टरारलेल्या आणि दोन्ही नळ्या लेकीच्या मांडीखाली. "सरक!" त्यांनी तिला खांद्याला धरून बाजूला लोटलं. कोंडलेली हवा भसाभसा बाटल्यांत उसळली.

आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या. "नळ्या कुणी दाबल्या?"

लेक नवऱ्याचे गाल चोळत होती. तिला काहीच कळलं नव्हतं. कळलं तर ते पोरीला जन्मभर खात राहील, हे मामांनी ओळखलं.

"माझ्याकडून झालं," ते म्हणाले. "खाट सरकवताना."

"इतकी वर्षं इथे काय शिकलात हो? आता याला हात लावायचा नाही! चला, थिएटर तयार करा. दुर्बीण तिथेच घालू, चीर दिसली की लगेच शिवू. थांबायला वेळ नाही."

स्ट्रेचर दुसऱ्याच कुणी ढकललं. लेक त्याची दांडी धरून चालली होती. मामा मागोमाग निघाले, तशी ती थिएटरच्या दाराशी वळली.

"तुम्ही नका येऊ, बाबा. यांना काही झालं ना, तर मला तोंड दाखवू नका."

"बरं," मामा म्हणाले आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.